सपाट चपलेचा रुबाब

मागच्या नोव्हेंबरात अकोल्याहून बाजीचा फोन आला. रविवारी भाचीला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा पुण्यात नोकरीला, घर खातंपितं, आई शिकलेली. एवढं सगळं सांगून झाल्यावर बाजीनं आवाज खाली आणला, "सुन, तेरी वो काली वाली ऊँची सैंडल लेती आ. लड़की की हाइट तो तुझे मालूम है."

न मालूम असायला काय झालं? भाची माझ्यावरच गेली आहे. चार फूट दहा इंच. आमच्या खानदानात बाकी सगळ्या बायका चांगल्या उंचपुऱ्या. मी आणि ती, आम्ही दोघीच फोटोत पुढच्या रांगेतल्या.

"हौ, लाती," म्हणून फोन ठेवला. स्टूल घेऊन कपाटावरचं खोकं खाली काढलं. सँडल तीन वर्षांपासून वर्तमानपत्रात गुंडाळून पडली होती. तीन इंचांची टाच, वर सोनेरी बक्कल. कागद उघडला तर एका टाचेला काळी माती चिकटलेली, वाळून दगडासारखी झालेली. ती माती अकोल्याचीच होती. ती तिथं कशी लागली हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

२००४ साली मी अमरावतीत बी.एड. करत होते. ज्यांनी बी.एड. केलंय त्यांना सरावपाठ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. टाचण काढायचं, शैक्षणिक साहित्य बनवायचं, आणि मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक काय शेरा लिहितात याच्या धास्तीत तास घ्यायचा. माझ्या पहिल्याच मराठीच्या पाठाला शेरा मिळाला: आशय चांगला, फलकलेखन सुवाच्य, व्यक्तिमत्त्व प्रभावी वाटत नाही. तोंडी पुस्ती जोडली गेली की, मॅडम, तुम्ही टेबलामागे दिसतच नव्हत्या. सगळ्या छात्राध्यापिका हसल्या. मीही हसले. संध्याकाळी इतवारा बाजारात जाऊन दीडशे रुपयांची हिलची सँडल घेतली. त्या महिन्याचे रिक्षाचे पैसे त्यातच गेले, म्हणजे नव्या सँडलीवर महिनाभर पायी कॉलेज.

पुढच्या पाठाला शेरा चांगला आला. आता इतक्या वर्षांनी वाटतं, दुसरा पाठ मी जास्त तयारीनं घेतला होता. पण तेव्हा सगळं श्रेय टाचेला दिलं आणि तिला पायातून उतरवलं नाही ते अठरा वर्षं.

आमच्या बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बुरख्यात बाईचं दिसतं काय? डोळे किंवा चेहरा, हात, पर्स आणि चप्पल. सहाशे रुपयांचा सूट असो की सहा हजारांचा, रस्त्यावर तो कुणाला दिसत नाही. दिसते ती चप्पल. म्हणून लग्नाच्या हॉलवर बसलेल्या खाला-फुफू येणाऱ्या बाईच्या पायांकडे आधी पाहतात आणि तिथूनच घरचा अंदाज बांधतात. हौस करायला जागाच एवढीशी, मग सगळी हौस पायात जमा होते. कमी पगाराच्या बाईची तर जास्तच. वर्षाला एक चमकदार सँडल घेतली की ती सगळ्या बुरख्यांवर चालते.

२००६ मध्ये मला पाहायला पाहुणे आले. आम्ही घरात चप्पल घालत नाही, पण त्या दिवशी अम्मीनं माझी सँडल तळापासून धुऊन, पुसून हातात दिली. लांब शरारा घातला, टाच झाकली गेली, हातात सरबताचा ट्रे. जाजमाच्या काठाशी एकदा अडखळले, पण ग्लास सांडले नाहीत. रिश्ता जमला. निकाह झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासरच्या अंगणात अनवाणी उभी होते आणि सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अरे, दुल्हन तो रात भर में घट गई!"

सगळं घर हसलं. त्यात वाकडं काही नव्हतं. त्याच बाईंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्र-रात्र जागून काढल्या, माझ्या नोकरीसाठी नातेवाइकांशी भांडल्या. पण ते वाक्य माझ्या पायाला लागलं ते लागलंच. त्यानंतर मी स्वयंपाकघरातसुद्धा जाड तळव्याची स्लिपर घालू लागले. कुणी विचारलं तर सांगायचे, फरशी गार लागते. अमरावतीच्या मे महिन्यात!

आता ती माती. जून २०२२ मध्ये आमच्या अमरावती-अकोला महामार्गावर विश्वविक्रम झाला. ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्यानं मी जुलैत एका वलीम्याला अकोल्याला निघाले. खड्ड्यांत हाडं खिळखिळी होण्याची सवय असलेल्या आम्हाला बस पाण्यावरून चालल्यासारखी वाटली. सगळा प्रवास सुखात झाला आणि घात झाला तो बसमधून उतरल्यावर. पाऊस पडून गेलेला. शेवटच्या पायरीवरून पाय टाकला तो रस्त्याकडेच्या काळ्या मातीत. वऱ्हाडातली काळी माती पावसात कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. टाच तीन इंच आत गेली, ती तिथंच राहिली, आणि मी पुढे गेले.

घोट्याचं लिगामेंट फाटलं. तीन आठवडे पाय उशीवर. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे जितके दिवस घरी तितक्या दिवसांचा पगार नाही. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, टाच वर उचलली की शरीराचा भार पंजावर येतो, गुडघा आणि कंबर तो तोल सांभाळत बसतात. वर्षानुवर्षं असं चालल्यावर पोटरीचा स्नायू आखडतो. म्हणून मग एकदम सपाट चप्पल घातली तरी दुखतं, आणि बाई म्हणते, मला हिलच सोसते. हळूहळू खाली या, असं त्यांनी सांगितलं. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम दिला. आणि बजावलं की, कागदासारख्या पातळ चपलाही नकोत. सहा तास उभं राहणाऱ्या शिक्षिकेची टाच त्यानंही धरते.

मला वाटलं, चार सँडली आहेत त्यांच्या टाचा कापून घ्याव्या, नवीन खर्च कशाला. चौकातल्या मोचीदादांकडे पिशवी घेऊन गेले. त्यांनी एक सँडल हातात फिरवली आणि म्हणाले, "टाच कापली त पुढचं टोक आभायाकडे पाहीन म्याडम. मंग नावेवानी दिसन." मग नीट समजावलं. सँडलचा साचाच टाचेच्या उंचीवर बेतलेला असतो. पाव इंच घासता येईल, त्याहून जास्त कापलं तर तोल बिघडतो. तीन सँडली मी तिथंच मोडीत दिल्या. काळी ठेवली. का ठेवली, माहीत नाही.

मग शाळेत सपाट चप्पल सुरू झाली. पहिल्या दिवशी आठवीतल्या पोरी म्हणाल्या, "टीचर छोटे हो गए!" स्टाफरूममध्ये विचारपूस झाली, बरं नाही का अजून? काय झालं होतं ते मला आठवडाभरानं कळलं. माझे सगळे बुरखे, सगळ्या सलवारी हिलच्या मापानं शिवलेल्या. टाच गेली आणि कपडा जमिनीवर आला. मागून घोळ लोळतोय, त्याला धूळ लागतेय, मी एका हातानं तो उचलून चालतेय, खांदे पडलेले. माणूस आजारीच दिसणार. उंची तीन इंचांनी कमी झाली हे खरं, पण अवतार झाला होता तो लांबलेल्या कपड्यामुळे.

आमच्या मोहल्ल्यात एक म्हातारे टेलरचाचा आहेत. त्यांच्याकडे बुरखा टाकला आणि म्हटलं, दोन इंच वर घ्या. ते म्हणाले, अंदाजानं नाही; जी चप्पल रोज घालणार ती घालून ये, मगच खूण करतो. ती घालून गेले. त्यांनी खडूनं रेघ मारली ती जमिनीपासून बोटभर वर. ऐंशी रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाली, नवीन बुरखा? मस्त दिसतोय!

तिथून मला हा नादच लागला. घरखर्चाच्या वहीत मागच्या पानावर मी याचा हिशेब आणि अनुभव लिहू लागले. माझ्यासारख्या कमी उंचीच्या, कमी पगाराच्या, दिवसभर उभं राहणाऱ्या बहिणींसाठी त्यातलं थोडं इथं देते.

पहिला खर्च टेलरवर करायचा, मग चपलेवर. अंगाला नीट बसलेला जुना सूट, खांद्यावरून उतरणाऱ्या नव्या सुटापेक्षा उजवा दिसतो. खांद्याची शिवण खांद्यावरच हवी, बाही मनगटाशी संपायला हवी. कमीज आणि सलवार एकाच रंगाची असली की नजर वरपासून खालपर्यंत न अडता जाते आणि बाई उंच वाटते. सलवारीच्या खाली रुंद काठ, मोठी नक्षी लावली की नजर तिथं अडते. दुपट्टा आडवा पसरण्यापेक्षा एका बाजूनं सरळ खाली सोडावा. कापड घ्यायचं तर चार-पाच जणी मिळून नांदगाव पेठेकडच्या ठोक बाजारात जावं. बिझीलँड, सिटीलँडचं नाव विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. एकटीला एक पीस महाग पडतो, पाच जणींना मिळून परवडतो. माझा आताचा निदा कापडाचा बुरखा असाच झाला. रेडिमेडच्या निम्म्या पैशांत, आणि माझ्या मापाचा.

चपलेचं म्हणाल तर पुढून निमुळती, पंजावर जरा खोल कापलेली घ्यावी. पावलाचा जितका भाग उघडा दिसतो तितका पाय लांब वाटतो. घोट्याभोवती पट्टा असलेली टाळावी, तो पायाचे दोन तुकडे करतो. रंग सलवारीशी मिळता किंवा पायाच्या रंगाशी मिळता. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. सकाळी घेतलेली चप्पल संध्याकाळी चावते. दुकानात हातानं वाकवून पाहावी. बोटांपाशी वाकली पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्यावी. मोजडी आवडत असेल तर आधी मोचीकडून खाली रबरी तळ लावून घ्यावा आणि आत मऊ गादी टाकावी. जुन्या पद्धतीच्या जुत्तीत डावा-उजवा असा भेद नसतो, घालून घालून ती आपापल्या पायाची होते. पहिले आठ दिवस टाचेच्या आतल्या बाजूला खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की चावत नाही. पावसात भिजली तर उन्हात ठेवायची नाही, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायची.

माझा हिशेब असा झाला: मोजडी साडेचारशे, तळ शंभर, गादी दीडशे, बुरख्याची दुरुस्ती ऐंशी. एकूण सातशे ऐंशी. घोट्याच्या एक्स-रे आणि पट्ट्याला याहून जास्त गेले होते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. अकोल्याच्या दोन फेऱ्यांत वाचलेल्या पैशांतून मी एक ऑक्सिडाइज्डचे झुमके घेतले. अंगावर एकच चमकणारी गोष्ट असावी आणि ती चेहऱ्याजवळ असावी, असं माझं मत झालंय. लोक चेहऱ्याकडे बघतात, पायाकडे बघायचं विसरतात.

आणि वर्गात? वर्गात मी टेबलामागे उभं राहणं सोडलं. बाकांच्या मधून फिरत शिकवते. सपाट चपलेचा आवाज होत नाही, त्यामुळे मागच्या बाकावर डबा उघडणाऱ्यांची पंचाईत झाली आहे. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासन निर्णय निघाला, तेव्हा स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचन झालं. बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा घालावा, भडक आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, पादत्राणं पेहरावाला शोभणारी असावीत. मी म्हटलं, बघा, शोभणारी म्हटलंय, उंच म्हटलेलं नाही.

दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे शब्दांच्या मागे लागायची खोड आहे. मराठीतला 'पायपोस' फारसीतल्या 'पापोश'वरून आला, म्हणजे पाय झाकणारा. आपण सहज म्हणतो, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. त्यात अर्धं फारसी आहे हे किती जणांच्या लक्षात येतं? उंच टाचही तिकडचीच. इराणचे घोडेस्वार टाचेचे जोडे घालत, कारण रिकिबीत पाय घट्ट बसायचा आणि उभं राहून बाण सोडता यायचा. उर्दूत रिकाब, मराठीत रिकीब, शब्द एकच. सतराव्या शतकात ही टाच युरोपात गेली ती पुरुषांच्या पायात. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे जोडे मिरवायचा. बायकांकडे ती नंतर आली, आणि पुरुषांनी आपली काढून ठेवली. घोडा गेला, लढाई गेली, रिकीब आमच्या गळ्यात राहिली.

आणि ती नाकारणाऱ्याही आहेत. २०१६ मध्ये लंडनच्या निकोला थॉर्पनं अर्ज मांडला होता, कारण सपाट बूट घालून आली म्हणून तिला कामावरून घरी पाठवलं होतं. त्या अर्जावर दीड लाखांच्या वर सह्या झाल्या. २०१९ मध्ये जपानच्या युमी इशिकावानं कामावर हिलची सक्ती नको म्हणून मोहीम काढली. तिच्या नावातली गंमत भाषेच्या शिक्षकाला फार आवडते. जपानीत 'कुत्सु' म्हणजे जोडा आणि जरा लांबवून म्हटलं की 'कुत्सू' म्हणजे वेदना. आणि २०२५ च्या जूनमध्ये तर इटलीतल्या मिलान शहरात प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला चालून गेल्या. सपाट, चामड्याच्या, आपल्याकडे आजोबा घालून शेतावर जायचे तशा. आधी भारताचं नावही घेतलं नव्हतं. महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा प्रेरणा इथली आहे हे त्यांनी मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. जगातल्या श्रीमंतांना ती सपाट चप्पल रुबाबदार वाटते आणि आम्ही मात्र टाचा उचलून उभ्या!

हे सगळं मी शनिवारी संध्याकाळी बाजीला सांगितलं. बाजीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तो मिलान वालों को बुलाती क्या कल? देखने वाले तो बुलढाणे के हैं."

खरं होतं तिचं. मुलीची आई होती ती. एका जागेहून 'लड़की अच्छी है, पर छोटी है' असा निरोप आधी येऊन गेला होता. बाजीनं तो भाचीला सांगितला नव्हता, पण भाचीला तो माहीत होता. आमच्या घरांमध्ये असे निरोप भिंतीतून जातात.

मी दोन्ही वस्तू नेल्या होत्या. काळी सँडल आणि माझी मोजडी. आमच्या दोघींचं माप एकच, पाच नंबर. रात्री भाचीच्या खोलीत दोन्ही तिच्यासमोर ठेवल्या. तिनं आधी सँडल घातली. आरशासमोर उभी राहिली. खरं सांगते, छान दिसत होती. दोन-चार पावलं चालली, पलंगाला धरून. मग तिला टाचेची माती दिसली. "खाला, ये क्या है?"

मग मी सगळं सांगितलं. सरावपाठाचा शेरा, शरारा, सरबताचा ट्रे, सासूबाईंचं वाक्य, स्वयंपाकघरातली जाड स्लिपर, बस, माती, कापलेला पगार. सासूबाईंचं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं. भाचीला हसू आलं, मग आलं नाही. म्हणाली, "सोलह साल किचन में?"

"हौ."

तिनं सँडल काढली आणि मोजडीत पाय घातला. मी काही बोलले नाही. तिला काही शिकवायला मी आले नव्हते. सँडलच निवडली असती तर माती पुसून दिली असती. पण घोटाळा पुढेच होता. बाजीनं नवा सूट हिलच्या मापानं शिवून घेतला होता. मोजडीवर सलवार जमिनीला टेकत होती. रात्रीचे साडेअकरा. मी आणि भाची दोन सुया घेऊन बसलो, तिला मोजडी घालून उभी करून खडूनं खूण केली, आणि दोन इंच दुमडून हातानं तुरपाई केली. बाजी दारात येऊन बघून गेली. थोड्या वेळानं ती तिसरी सुई घेऊन आली आणि काही न बोलता दुपट्ट्याचा सुटलेला गोटा टाचत बसली.

रविवारी पाहुणे आले. दाराबाहेर नेहमीसारखा चपलांचा ढीग झाला. त्यात मुलाकडच्या बायकांच्या तीन हिलच्या सँडली होत्या, तिन्ही आडव्या पडलेल्या. आत आलेल्या बायका आमच्यासारख्याच मापाच्या. हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आपली घरं, दर्गा, मशीद, दस्तरख्वान, जिथं म्हणून बसायचं तिथं चप्पल काढूनच बसायचं. उसनी उंची दाराशीच राहते.

भाची एकाच रंगाच्या मोरपंखी सुटात आली. माझे झुमके, खळ दिलेला दुपट्टा. पाहुण्यांपुढे जाताना तिनं उंबऱ्याशी मोजडीही काढून ठेवली. तसं आमचं ठरलं नव्हतं. तुरपाई मोजडीच्या मापाची, त्यामुळे सलवार जराशी टेकली, पण तिनं ती उचलून धरली नाही. सरळ चालत आली, सलाम केला, बसली.

चहा झाला. शिक्षण विचारून झालं. मग मुलाच्या आईनं, फार गोड आवाजात, विचारलं, "बेटी, हाइट कितनी है तुम्हारी?"

बाजीचा कपातला चमचा थांबला.

भाची म्हणाली, "चार फ़ुट दस इंच. बग़ैर चप्पल के."

कुणीच काही बोललं नाही. मग कोपऱ्यात बसलेली मुलाची आजी हसायला लागली. आवाज न करता हसणारी बाई, खांदे तेवढे हलत होते. म्हणाली, "मैं भी इतनी ही हूँ. मुझे किसी ने पूछा ही नहीं, सीधा निकाह कर दिया."

पुढे होकार आला की नकार, ते मी इथं लिहिणार नाही. ती गोष्ट भाचीची आहे. माझ्यापुरतं एवढंच की, संध्याकाळी निघताना मी काळी सँडल बाजीच्या घराखालच्या मोचीला देऊन टाकली. बक्कल कामाचं आहे म्हणाला. माझी मोजडी शोधली तर सापडेना. भाची म्हणाली, "खाला, वो मेरे पास है. कल मेरा पाठ है, नववी पर. टेबल बहुत ऊँचा है वहाँ का."

"टेबल के आगे खड़ी रहना," मी म्हटलं.

तिची रबरी स्लिपर घालून मी अर्ध्या तिकिटात अमरावतीला परत आले.